दुसऱ्या दिवशीची पट्टी

मूळचे आम्ही चांदूर बाजारकडचे. वडील शाळेत शिपाई होते, रद्दीत निघालेली पुस्तकं घरी आणायचे, आई म्हणे या घरात पिठाच्या डब्यापेक्षा पुस्तकं जास्त. मी वाचत राहिले आणि अकोल्यात एका शाळेच्या ग्रंथालयात लागले. धाकट्या दिनेशला यंत्रांचा नाद, तो माझ्याचकडे राहून दालमिलमध्ये ऑपरेटर झाला. नोकरीत कायम झाला तेव्हा मी त्याला चांदीची अंगठी केली. काय सांगू तुम्हाला, त्या अंगठीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सीझनमध्ये मिलवाले पट्ट्याच्या पुलीवरची संरक्षक जाळी काढून ठेवायचे. जाळी नसली की अडकलेला भुसा चालू मशीनमधूनच ओढता येतो, तेवढा वेळ वाचतो. मॅनेजरचाच हुकूम होता. एका दुपारी दिनेशचा हात पट्टा अन् पुलीच्या मध्ये गेला, दोन बोटं चेंगरली, त्यातलं एक अंगठीचं. डॉक्टर म्हणाले अंगठी कापू, सूज येईल. हा म्हणाला, ताईनं देल्ली आहे साहेब, घरी साबण लावून काढतो. डॉक्टरांनी बजावलं, आजच काढ, आणि उद्या पट्टी बदलायला ये, चिठ्ठीवर लिहूनही दिलं. घरी साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला, निघाली नाही. मी म्हटलं, उद्या जातोच आहेस तर तिथंच कापून घे. उद्या, असं मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं चिठ्ठी वाचली अन् टेबलाच्या काचेखाली सरकवली. म्हणाला, सीझन सोडून पट्टी बदलाले चालला काहून, बोट काय पळून जाते का, बसून पोते मोज. सुटेपर्यंत दवाखाना बंद. असे चार दिवस गेले. जेवताना मी विचारलं तर दिनेश म्हणे, दुखणं थांबलं ताई, बरं होऊन राहिलं. मीही खूश झाले. एवढी पुस्तकं हाताळली, पण चेंगरलेलं बोट बधिर झालं तर ते बरं होत नसतं, मरत असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा अंगठीचं बोट काळं होतं आणि विष रक्तात गेलं होतं. आठव्या दिवशी माझा भाऊ गेला.

मी तक्रार दिली. चौकशी झाली, जाळी बसली, मॅनेजर मात्र खुर्चीवर राहिला. मला त्याचं वाटोळं हवं होतं, अजूनही हवं आहे, खोटं कशाला बोलू.

मग मी एक काम धरलं. मिलमध्ये कुणाचं बोट चेंगरलं की बायका मला फोन करतात. मंदाबाई पहिली, हातगाडीखाली तिचं बोट सापडलं होतं. मी सगळ्यांना एवढंच शिकवलंय, अंगठी, बांगडी लगेच काढा, निघत नसेल तर कापा, हात छातीच्या वर धरा, बधिर वाटलं, बोट गार किंवा निळंकाळं पडलं तर दवाखाना गाठा, दुखत नाही म्हणून घरी बसू नका. आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः मॅनेजरपुढं उभी राहते, सुट्टीवर सही घ्यायला. पण आधी काचेखाली अजून असलेली दिनेशची चिठ्ठी त्याला मोठ्यानं वाचायला लावते. पहिल्यांदा म्हणाला, बाई, तुमी आता शाळा इथंच भरवता का. मी म्हटलं, हो, आणि तुम्ही नापास आहात. मजूर हसले. तो हसला नाही, त्यानं वाचली.

गेल्या आठवड्यात तो बायकोला घेऊन घरी आला. म्हणाला, ताई, जेवण जात नाही मले, आता माफ करा, नाही तं मी नोकरी सोडून पोराकडं जातो. बायको माझ्या पाया पडायला वाकली, तिला मी वाकू दिलं नाही, तिचा काय गुन्हा. दोघांना चहा दिला. माफी दिली नाही. नोकरी सोडू नका, म्हटलं, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि उद्या अकरा वाजता खुर्चीवर असा, मंदाबाईच्या सुनेची पट्टी आहे.