थोरल्या जावेची मान

थोरली : …आणि दार कशाला लावलंस? उघडंच राहू दे ना.

धाकटी : पेशंट आत आला की दार लागतं, जाऊबाई. सगळ्यांसाठीच. चपला तिथे काढा आणि टेबलावर बसा.

थोरली : तू इथे आहेस हे माहीत असतं, तर पायरीसुद्धा चढले नसते. पाटीवर आडनाव वेगळंच. ध्यानातच आलं नाही.

धाकटी : माहेरचं आहे. तुमच्या घरचं राहिलं कुठे माझ्याकडे?

थोरली : जाते मी.

धाकटी : जा. पण उठताना टेबलाला धरून उठा. मघाशी बसतानाच डोळ्यांत पाणी आलं होतं तुमच्या.

थोरली : दुखतंय गं फार. मान, खांदा, इथून पार पाठीत. रात्ररात्र डोळा लागत नाही, छातीत नुसती धडधड. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक, रक्त ठीक, मनावर ताण दिसतोय. गोळ्या चालू ठेवा, आणि जोडीला हे ऑस्टिओपॅथीचं करून बघा. हातानंच सांधे-स्नायू मोकळे करतात, काही जणांना आराम पडतो म्हणे.

धाकटी : म्हणजे रिपोर्ट सगळे चांगले.

थोरली : हो ना.

धाकटी : मग दुखतं कुठे?

थोरली : सांगितलं की. मानेत, आणि…

धाकटी : रिपोर्ट चांगले असले की दुखत नसतं, जाऊबाई. त्याला नाटक म्हणतात.

थोरली : काय बोलतेस तू!

धाकटी : तुमचंच वाक्य आहे. सगळं घर जेवायला बसलेलं, मी बाळंतीण. पाठ उचलत नव्हती, झोप नव्हती, रडू थांबत नव्हतं. तुम्ही वाढता वाढता म्हणालात, ‘रिपोर्ट सगळे चांगले, मग दुखतं कुठे? नाटकं आहेत. पोर सांभाळायला नको, दुसरं काय!’ सूर बरोबर लागला ना माझा? घरी बरेचदा म्हणून बघितलंय.

थोरली : किती जुनं उकरून काढतेस! पोर कॉलेजातनं बाहेर पडली आता.

धाकटी : माझी पोर.

थोरली : मी वाढवलीय तिला. खस्ता खाल्ल्यात.

धाकटी : माझ्या मांडीवरून उचलून. ‘माहेरी जा, बरी हो, मग ये’ म्हणालात. झाले बरी. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, एक चुकवली नाही. आणि जोडीला हेच, एका बाईंचे हात. त्यांनी फासळ्यांवर तळवे ठेवले आणि विचारलं, ‘पोटातून श्वास शेवटचा कधी घेतलात?’ त्या दिवशी घेतला मी. मग त्यांच्यापाशीच शिकायला राहिले. पण त्याआधी तुमच्या दारात आले होते मी. दार तुम्ही उघडलंत. पोर तुमच्या कडेवर. तिला म्हणालात, ‘काकूला टाटा कर.’

थोरली : तिचा गोंधळ उडू नये म्हणून…

धाकटी : बापाला काका म्हणायला शिकवलंत, आणि माझा नवराही त्या हाकेला मुकाट ओ देत राहिला. अजून वाढदिवसाला फोन केला की म्हणते, ‘थँक्यू काकू.’ किती गोड म्हणते!

थोरली : तुला हवंय तरी काय?

धाकटी : देवापुढे बसले की रोज एकच मागते. तुम्ही एकदा माझ्या दारात यावं, आणि तुमचं माझ्यावाचून अडावं. आज ऐकलं त्यानं. आता फोन काढा. पोरीला सांगा, तुझी आई इथे आहे आणि ती नाटक करत नव्हती. एवढंच. तोवर बोटसुद्धा लावणार नाही मी.

थोरली : आणि नाही सांगितलं तर?

धाकटी : तर दुखू दे.

थोरली : तू अशी नव्हतीस गं. किती हळू बोलायचीस.

धाकटी : अजूनही हळूच बोलतेय.

थोरली : थांब… पर्समध्ये आहे फोन… अगंबाई!

(फोन थोरलीच्या हातातून निसटून फरशीवर पडतो.)

धाकटी : राहू द्या, मी उचलते.

थोरली : घामानं सटकला.

धाकटी : हात बघू. कोरडा आहे की. वस्तू अशा कधीपासून पडतात?

थोरली : वय झालं आता. फुटतो एखादा कप. ब्लाऊजचे हुक तेवढे लागत नाहीत, पोरगी लावून देते.

धाकटी : आणि चालताना?

थोरली : कापसावर पाय पडल्यासारखं वाटतं. जिन्यात तर भिंतच धरते.

धाकटी : हळूच सांगा, वाकून दाखवू नका. मान पुढे वाकवली की काय होतं?

थोरली : करंट लागल्यासारखं होतं. पाठीतून सरळ पायात.

धाकटी : हे डॉक्टरांना सांगितलंत?

थोरली : नाही.

धाकटी : का?

थोरली : म्हणाले असते, नाटक करते.

(धाकटी थोरलीचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवते.)

थोरली : काय झालं?

धाकटी : या मानेला मी हात लावणार नाही.

थोरली : अगं, करते म्हटलं ना फोन! दे इकडे, आत्ता करते.

धाकटी : फोनचं राहू द्या. नीट ऐका. मानेच्या मणक्यात मुख्य नस दबत असावी, अशी शंका येतेय मला. खरं-खोटं तपासणीत कळेल. पण अशा मानेला चुकीचा झटका बसला तर हातपाय जाऊ शकतात. हे माझं काम नव्हे, हॉस्पिटलचं आहे. आजच जायचं. मी बोलते त्यांच्याशी.

थोरली : घाबरवतेस मला. सूड उगवतेयस.

धाकटी : सूड उगवायचा असता तर म्हटलं असतं, आडव्या व्हा.

थोरली : …आलं होतं तुझ्या मनात?

धाकटी : आलं होतं. आत्ताच, तुमचा हात हातात होता तेव्हा.

थोरली : मग?

धाकटी : मग काय? तुम्ही अंथरुणाला खिळाल, पोर उशाशी बसून चमच्यानं भरवेल, दिवसभर ‘आई, आई’ करेल. तुमच्यावर रागवायची कोणाची छाती होणार नाही. इतक्या स्वस्तात नाही सोडायची तुम्हाला.

थोरली : मी एकटी नाही जाणार हॉस्पिटलात.

धाकटी : पोरीला बोलवा. घ्या, लावलाय. मीच धरते कानाशी.

थोरली : हॅलो… हो गं, मीच. नाही, रडत नाहीये. जरा ये, हॉस्पिटलात जायचंय… मान. हो, आजच जा म्हणाल्या… कोण म्हणजे… इथे ना… काकू आहे तुझी. हो, तीच, वाढदिवसाला फोन करते ती… नंबर तूच लावलास ना, पत्ता तुझ्याकडे आहेच… ये, सावकाश ये.

धाकटी : येतेय?

थोरली : निघालीच. अगं, तोंडात बसलाय तो शब्द. आणि अशा वेळी, फोनवर कसं…

धाकटी : मी कुठे काय म्हणाले?

थोरली : ती वर येईल आता. तू सांगणार आहेस तिला?

धाकटी : नाही. ते तुम्ही सांगणार आहात. आज नाही. आधी तपासण्या, मग ऑपरेशन लागलं तर ऑपरेशन. त्यानंतर डॉक्टर हो म्हणाले की व्यायाम मी घेईन, घरी येऊन. तुमच्याच दारातून आत येईन.

थोरली : एवढं का करतेस माझ्यासाठी?

धाकटी : खडखडीत बऱ्या व्हा, जाऊबाई. आजारी माणसाला मी जाब विचारत नाही.