जास्तीचं कार्ड

कारंज्याच्या एसटी स्टँडवर, धनजच्या गाडीच्या रांगेत, पुंजाजी आणि मुंबईला कॉम्प्युटरवर काम करणारा त्यांचा मुलगा शेषराव माझ्यापुढंच उभे होते.

"नर्सिंगच्या तीनशे पोरी नापास कशा केल्या रे तुह्या मशीननं?"

"एक पेपर मोजतच नव्हती, बाबा."

"तुले कसं समजलं?"

"म्या प्रोग्राममंधी सोय केली. मशीनले देतो त्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात एक जास्तीचं कार्ड लावलं, का मशीन काय करून राह्यली ते सारं कागदावर छापते."

"अन् नाही लावलं तं?"

"चुपचाप निकाल देते."

"मंग?"

"कागद साहेबाले दाखवला. पोरी पास झाल्या."

"साहेब खुश झाला असन."

"म्हणे, ते कार्ड मले दे, कुलपात ठेवतो."

"देल्लं?"

"देल्लं."

"कायले देल्लं?"

"तसे आणखी चार हायेत, बाबा."