मज्जारज्जू शाबूत म्हणून पेढे वाटले

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर आलेली. युसूफ वडगावात जलमले, अन् लोकायला माझं तोंड कमी अन् पाय जास्त ठाऊक. आभाळ गरजलं की आई मला घरात कोंडायची, पायाळूवर वीज पडती म्हणायचे ना, अन् कुणाच्या पाठीत उसण भरली की तेच लोक मला कडेवर घेऊन न्यायचे. काय सांगू तुमाला ताई, पाच-सहा वर्साची असंन, गावच्या पाटलाच्या पाठीत लाथ घातली मी. पाटील पालथा अन् त्याच्यावर माझा पाय, असा मान दुसऱ्या कुण्या पोरीला भेटला सांगा. त्याची रीत हाय. सकाळी चूळ भरायच्या आधी माणसानं उंबऱ्यात पालथं पडायचं, मी डाव्या पायानं तीन डाव मारायचं, अन् त्यानं मागं न बघता निघून जायचं. त्याचा पैसा घ्यायचा न्हाई. नवरा लवकर गेला, मी पिठाची गिरणी चालवली, तवापासून लोक दळण घेऊन यायचे अन् पाठ बी घेऊन यायचे. गुण यायचा का? यायचा की. आता एक डॉक्टरीणबाई, तिचं पुढं सांगते, ती म्हणती उसण चार-आठ दिवसांत आपोआपच उतरती, पण तवा हे कोण सांगणार होतं.

दत्ता माझा धाकटा भाऊ. आई शेतात अन् हा माझ्या काखेत, असा वाढवला त्याला. मोठा झाला, आडतीवर हमाली करायचा, सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात असा चढायचा की बघत राहावं. एका शनवारी पोतं घेऊन वाकला अन् पाठीत कट् वाजलं. दोन दिस घरीच पडून होता. सोमवारी सकाळी भावजयीनं त्याला धरून माझ्या दारात आणला, पाय टाकायचा तर फरपटत. मी म्हणले काय होतंय रे, तर म्हणला उसण हाय आक्का, मार अन् मोकळं कर. मी दुसरं काय बी विचारलं न्हाई. तीन लाथा मारल्या. लई हळू मारल्या हो, माझाच भाऊ तो.

दुपारी भावजय बोंबलत आली. दत्ता अंगणात पडलेला, एका पायातली चप्पल गळून दारात राहिली तरी त्याला खबर न्हाई. मी चिमटा घेतला, कळंना. मी हबकूनच गेले. जीप करून आंबाजोगाईला नेलं, तिथं नळी घातली तर पिशवी भरून लघवी निघाली, फोटो काढले, त्याच दिवशी ऑपरेशन. अन् इकडं गावात एकच बोलणं, आक्कानं लाथ मारली अन् भावाचा मणका मोडला. माझ्या गिरणीवर दळण टाकायला बाया येईनात. मी सोता बी तेच धरून बसलते.

मग दवाखान्यातून सुट्टीचा कागद भेटला. डॉक्टरनं वाचून दाखवला, मणक्यातली गादी सरकून खालच्या नसांच्या झुबक्यावर दाबली, त्या झुबक्याला घोड्याची शेपूट म्हणतात, अन् पुढं लिहिलेलं, मज्जारज्जू शाबूत. मी म्हणले परत वाचा. परत वाचलं. शाबूत! आता मला सांगा, मला बाकीचं कशाला ऐकू येतंय. मी गावात पेढे वाटले हो. त्या कागदाची झेरॉक्स काढून गिरणीच्या भिंतीला चिटकवली, येईल त्याला दाखवायची, वाचा, माझ्या लाथेनं काय बी मोडलं न्हाई. अन् घरात दत्ता नळी लावून पडलेला, बुडाखाली गोधडी हाय का दगड त्याला कळत न्हाई, संडास झालेली कळत न्हाई, पाऊल खाली लोंबतंय. अन् मी पेढे वाटले. आज आठवलं की माझीच मला शिसारी येती.

एक संस्था हाय, नाव नका लिहू, मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकायला ठेवून घेतात, लघवी-संडास कसं सांभाळायचं, पायाला पट्टा बांधून कसं चालायचं, समदं शिकवतात. तिथं गेलो. टेबलावरचा कारकून कागद मागायला लागला, तर मी पिशवीतून तोच कागद काढून आधी त्याच्या म्होरं धरला. त्यानं वाचला अन् म्हणला, मज्जारज्जू शाबूत लिहिलंय, मग इथं कावून आलात? हे आमच्यात बसत न्हाई. दुसरीकडं दाखवा.

ताई, जो कागद मी देवासारखा जपला त्यानंच माझ्या भावाला दारातून माघारी लावला. अन् खरं सांगू का, लाज वाटती पण सांगते, एक घटका माझ्या मनात आलं की राहू दे असंच. मज्जारज्जूची इजा म्हणून नोंद लागली तर गाव परत म्हणंल, बघा, आक्कानंच मोडला. मग दत्ताकडं बघितलं. खुर्चीत मान खाली घालून बसलता, पायजमा ओला झालता अन् त्याला ठाऊक नव्हतं. तवा मी आवाज चढवला. दारामागं केरसुणी उभी होती ती उचलली अन् कारकुनाच्या टेबलावर ठेवली. म्हणले साहेब, वर बांधलंय तिथं मूठ शाबूत हाय, खालच्या काड्या मोडल्या तर ही झाडंल का? मग हिला धड केरसुणी म्हणायचं का?

आवाज ऐकून आतून डॉक्टरीणबाई आली. कागद बघितला अन् खाली बसूनच बोलली. म्हणली आक्का, कागद खोटा न्हाई. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, खाली निसत्या त्याच्या नसा राहतात, त्या चेंगरल्यात. काटेकोर म्हणलं तर ही रज्जूची इजा न्हाई. पण नसा त्याच्याच, त्याच कण्यातल्या, अन् माणसाचं जातं ते बी तेच, लघवी-संडासाचा ताबा अन् पायातलं बळ. आमी असल्यांना मज्जारज्जूवाल्यांतच धरतो. घ्या ह्याला आत.

मग तिनं दत्ताला विचारलं, लघवी कधी बंद झाली, बुड बधिर कधी पडलं. दत्तानं आधी माझ्याकडची मान फिरवली. मग म्हणला, ऐतवारी सांजच्याला. म्हणजे लाथेच्या आदल्या दिवशी! मी ओरडलेच, मग मला का न्हाई सांगितलंस? तर म्हणला, आक्का, तुला कसं सांगू हे, थोरली बहीण तू.

ऐकलं का ताई? ज्याचं ढुंगण मी धुतलं त्याला माझी लाज वाटली. डॉक्टरीणबाई म्हणली, लाथेनं किती बिघडलं हे आता कुणीच सांगू शकत न्हाई, पण दुखणं लाथेच्या आधीचं, अन् ऐतवारीच आला असता तर बरंच काही वाचलं असतं. म्हणजे मी सुटले का? न्हाई सुटले. मी तरी विचारायला पायजे होतं. माझ्याकडं लोक पाठ घेऊन आले, मी कधी तोंडानं काय विचारलंच न्हाई, पाय तेवढा पुढं केला.

भिंतीवरचा कागद मी खरवडून काढला. लाथ बंद. लोक रागावतात, म्हणतात आक्का माजली. माजले तर माजले. दत्ता आता पट्टा बांधून काठीवर चालतो, घड्याळ बघून नळी घालून लघवी काढतो, दिवसभर गिरणीवर माझ्याजवळ बसतो. परवा एक गडी कमरेवर हात ठेवून आला, आक्का, लाथ मार म्हणला. मी तोंड उघडायच्या आत दत्तानंच हाक मारली, भरल्या गिरणीत, बायाबापड्यांम्होरं, का बे, मुतायला होतंय का? बुड बधिर पडलंय का? बाया पदर तोंडाला लावून हसल्या, तो गडी लाजून लाल झाला, पण मान खाली घालून म्हणला, कालपासनं न्हाई. दत्तानं तसाच त्याला जीपमंदी बसवून आंबाजोगाईला लावून दिला.

लोक म्हणतात दत्ता लई बेशरम झाला. होऊ द्या. देवा, त्याची ही बेशरमी अशीच ठेव.