फोटो आधी येणार

(जाहिरातीचा स्टुडिओ. पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर एक शाळाशिक्षिका, जवळ मेकअपताई, समोर फोटोग्राफर.)

फोटोग्राफर : ...तेच सांगतोय मघापासून. हसायचं नाही.

शिक्षिका : मी हसत नाहीये. तोंडच असं आहे माझं.

फोटोग्राफर : मग पाडा ते जरा. खांदेही पाडा. क्रीम लावायच्या आधीची मुलगी आहात तुम्ही. हिला कुणी नोकरी देत नाही, हिच्याकडे कुणी वळून बघत नाही.

शिक्षिका : मला नोकरी आहे. शाळेत रजा टाकून आलेय आज.

फोटोग्राफर : तुम्ही नाही हो. ही.

शिक्षिका : मग हिचा चेहरा कुणाचा?

मेकअपताई : बाळा, मान वर कर. डोळ्यांखाली अजून एक हात मारते.

शिक्षिका : अजून? आहे त्याहून किती गडद केलंत, ताई. आरशात मीच मला ओळखू येईना.

मेकअपताई : त्या क्रीमला काहीतरी काम ठेवायला नको का?

शिक्षिका : आणि क्रीम लावल्यावर उजळते ती कोण?

मेकअपताई : ती बाहेर बसलीय, फोनवर. जन्मापासून तश्शीच आहे.

शिक्षिका : लावते तरी का ती हे क्रीम?

मेकअपताई : छे गं. पुरळ उठतं तिला.

फोटोग्राफर : ताई, कामापुरतं बोला.

शिक्षिका : तुमच्या माणसानं मला फोनवर काय सांगितलं, माहितीये? 'तुमचा फोटो आधी येईल.' मला वाटलं, पहिला येईल. घरभर सांगितलं मी. माझी भाची तर वर्गात सांगत सुटलीय, माझ्या आत्याचा फोटो सगळ्यांच्या आधी येणार म्हणून.

मेकअपताई : अगं आई गं.

शिक्षिका : माझीच प्रतिकृती आहे ती, रंगासकट. भर चौकात हे लागल्यावर काय समजेल ती? आपण म्हणजे दुरुस्तीला टाकलेला माल?

फोटोग्राफर : जाहिरात आहे. मनाला कशाला लावून घेता?

शिक्षिका : मनालाच लागतं हो. तोंडावरचं धुऊन तरी जातं. ताई, तो ओला कापूस द्या.

फोटोग्राफर : पुसू नका. पुसलंत तर आजचं मानधन विसरा, आणि इथलं पुढचं कामही.

शिक्षिका : विसरले. काम गेल्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण घरी जाऊन त्या पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल मला.

मेकअपताई : कानामागे राहिलंय. थांब, मी काढते.

फोटोग्राफर : वा, तुम्हीही तिच्याच बाजूला. दुपारी कंपनीची माणसं येतील, आता दुसरी कुठून पैदा करू? असं करा ताई, तुम्हीच बसा. तुमचा रंग काय, आयताच आहे.

मेकअपताई : बसते की. तोंडाला काळं तेवढं तुम्ही फासा, साहेब.