खिडकीपर्यंतची उजळणी

लीड्सच्या टॅक्स ऑफिसातली रांग हलता हलत नव्हती. आसावरीच्या पुढचं लिथुएनियन जोडपं इंग्लिशची उजळणी करत होतं.

"इंग्लिशमध्येच बोल, रूता. खिडकीवर आपली भाषा चालणार नाही. टॅक्सला आपल्याकडे काय म्हणतात?"

"मोकेस्तिस."

"इन्कम?"

"पायामोस."

"रिफंड?"

"ग्राझिनिमास. देश सोडून जाणाऱ्याला मिळतो तो."

"बरोबर. आता मी ऑफिसर. तुम्ही ब्रिटन कायमचं सोडताय?"

"हो."

"नजर वर करून सांग. त्याला पटलं पाहिजे."

"हो, दारियस. कायमचं."

"छान. पण हे फक्त त्याला सांगायचं. ईस्टरनंतर तू परत येशीलच ना?"

"नाही."

रांग सरकली, ते दोघं मात्र जागचे हलले नाहीत. मग तो लिथुएनियनमध्ये बोलू लागला. आसावरीने नुकत्याच ऐकलेल्या तीन लिथुएनियन शब्दांपैकी एकही त्यात नव्हता.