हाक कोणाच्या नावानं

मंडळी, प्रभाकरच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलो खरा, पण आधी एक तक्रार. फोटोत प्रभाकरचा चष्मा नाही. इतकी वर्षं आमची भिंतीला भिंत, पण चष्म्याशिवाय हा मनुष्य मी पाहिलेला नाही. हार नेमका कोणाला घातलाय?

हसलात, बरं झालं. माझ्या छातीत कळ आली की धावत येणारा पहिला माणूस हाच होता.

प्रभाकर कॉलेजात युनिक्स ही कॉम्प्युटरची सिस्टम शिकवायचा, मी संस्कृत. वलगावच्या भाजीवाल्यांच्या शीतगृहासाठी त्यानं प्रोग्रॅम लिहिला. आत गरमी वाढली की तारेवरून प्रोग्रॅमकडे तापमानाचे आकडे यायचे आणि भाजीवाल्यांचे फोन वाजायचे. त्यांच्यातल्या सुगंधाताई समोर बसल्यात. त्यांनी विचारलं होतं, "सर, तुमचा प्रोग्रॅम तारेकडे टक लावून काहून नाही बसत?"

प्रभाकर म्हणाला, "कायले बसाव त्यानं? झोपू द्या. तारेवर काही आलं की सिस्टम त्याले सिग्नल देते, मंग उठते."

मी विचारलं, "आणि सिग्नल आलाच नाही तर?"

"पंडित, तू भलतंच इचारून राहिला."

एकदा नाहीच आला. प्रोग्रॅम चालू, आणि आत मेथी काळी पडलेली. संध्याकाळी प्रभाकर माझ्या ओट्यावर येऊन टेकला. काय चुकलं ते सांगितलं.

सिग्नल कोणाला द्यायचा, त्या प्रोसेसचा, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमचा, नंबर सिस्टमला सांगावा लागतो. यानं तो सांगितला, आणि मग प्रोग्रॅम बॅकग्राउंडला, म्हणजे पडद्याआड चालायला, पाठवला. तसं करताना मूळ प्रोसेस आपल्यासारखीच दुसरी जन्माला घालते आणि स्वतः संपते. नोंदलेला नंबर राहिला त्या संपलेल्या बापाचा. तारेवर आकडे येत होते. सिस्टम हाका मारत होती, मेलेल्याला. लेकरू तिथंच जिवंत, झोपलेलं. चूक झाली असं कुठं उमटलंही नाही.

"मले याचंच भेव वाटते, पंडित," तो म्हणाला. "हाक जाते, अन् घेणारा नसते."

मग त्यानं प्रोग्रॅममधली नंबर सांगायची ओळ खाली सरकवली. जन्मल्यावर लेकरानंच आपला नंबर सांगायचा. झालं दुरुस्त.

मंडळी, मी एकटा राहतो. कळ आली की फोनवरचं एक बटण दाबायचं, ही सोय प्रभाकरनंच लावून दिली. दाबलं की तो चप्पल न घालता यायचा.

प्रभाकर गेल्यावर, परवा पुन्हा कळ आली. मी बटण दाबलं. वहिनी अकोल्याला लेकीकडे होत्या. भिंतीपलीकडे, कुलूपबंद घरात, चार्जरला लावलेला त्याचा फोन वाजत राहिला. मी इकडून ऐकत राहिलो.

कळ गेली. नंबर अजून त्याचाच आहे. दुसरा कोणाचा घालू, सुचत नाही. मला फार भीती वाटते.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. फोन मात्र बंद करू नका.