अडलेली बाई आन् मोकळी मेंढरं

न्हाई न्हाई, ते घोंगडं ठिवा खाली, मावशी — आदी माझ्या सवालाचा जवाब द्या, मंग हात लावा. भावाचं न्हाई वं, भावाचं मागनं बघू. लेक बाळंतपणाला आलीय म्हणलात, दिवस भरलेत म्हणलात — मंग सांगा, तिच्यापाशी आत कोण बसणार? सुईण? सुईणीचं काय, तमाखूची तलफ आली की ती बाहीर. मी बसणारी बाई इचारायले — घराला आग लागली तरी तिचा हात न सोडणारी. विटाळ? विटाळ आंघोळीनं जातो की! हसा, हसा. समदा वडवणीचा बाजार हसतो — केशरबाईकडं घोंगडं घ्यायचं म्हंजी चावडीवर जबानी द्यायची, म्हणत्यात. आज मी बी जरा घाईतच हाय. धाकट्या जावंला, अंजनाला, पहाटंपासून कळा यायल्यात. पैलटकरीण हाय बिचारी. पर तुमी बसा, तुमाला सांगितल्याबिगर सोडायची न्हाई.

तुमच्यात बी आसंलच की — बाई अडली म्हंजी घरातल्या समद्या गाठी सोडायच्या, कड्या काढायच्या, म्हंजी लेकराला वाट घावती. माझं पैलं बाळंतपण आसंच अडलं. सासूनं, आत्याबाईनं, माझे केस सोडले, सोताचे सोडले, दाण्याच्या पोत्यांची तोंडं सोडली, मामंजीनी डोईचा पटका सोडला — तरी मी आपली वरडायलेच! तवा मामंजीला याद आली वाघराची. आता तुमी शेतीवाले, तुमाला वाघर कुठनं ठाव? आमी धनगर रानात मेंढरं बसवतो ना, तवा भवतीनं जाळं लावतो, ते वाघर — निस्त्या गाठीच गाठी. "सोडा ते बी," म्हणले. सोडलं! वाट मोकळी झाली खरी, पर मेंढरांची. समदा कळप निघाला तो बद्रीनाथ पाटलाच्या जोंधळ्यात — हुरड्याला आलेला जोंधळा, मावशी! मंग काय, आमचे मालक धावले, दीर धावला, मामंजी पटका हातात गुंडाळत धावले, आत्याबाई "माझी काळी शेळी गं" करत धावल्या, आन् सुईण — तिची बी दोन बकरी व्हती की त्या कळपात — ती बी गेली. हसू येतंय ना? येणारच, मला बी येतंय.

मी व्हय? मी खोपटात. एकलीच. हाका मारल्या, तर बाहीर निस्तं हर्र हर्र. लेकरू आलं, खाली पडलं, आन् मला उचलाया येईना — रगत थांबंना, हात हलंना. गार भुईवर ते वळवळायलंय आन् मी बघायले. मेलेच म्हणलं मी आता. लई भ्याले वं मावशी, लई... न्हाई न्हाई, पोर जगली! घरी आज्जीच्या झिंज्या उपटायली आसंल आत्ता. पोरीला काय बी झालं न्हाई. मलाच झालं. तिला मांडीवर दिली की माझे हात गार पडायचे, घ्यावंसंच वाटायचं न्हाई. वस्ती म्हणली, बाहीरचं लागलं. देवरुषी झाला, अंगारे झाले, एक कोंबडं बी गेलं फुकट. मंग शेजारची म्हातारी रतनबाई यायला लागली. रोज यायची, पोर सोताच्या मांडीवर घ्यायची आन् म्हणायची, "सांग, काय झालतं?" म्या म्हणलं, काल सांगितलं की वं! तर म्हणली, "काल मेंढरं कंच्या बांधानं गेली ते कुठं सांगितलंस?" आसं रोज. आन् एक दिशी सांगता सांगता मामंजीच्या पटक्यापाशी आले आन् मला हसूच फुटलं. दोघी बी हसलो, पोर दचकून रडाया लागली, तर म्या उचलली तिला. आपसूक उचलली. तवापासून जो भेटल त्याला सांगायलेच हाय.

आन् निस्तं सांगत न्हाई बरं का. पाटलाकडं गेले. म्हणलं, मेंढी व्यायला बसली तर राखणीला मानूस ठिवता, मंग बाईपाशी कावून न्हाई? पाटील म्हणले, "मेंढीला सासू नसती, म्हून मानूस लागतो." लई हसले सोताच. मंग पोलीस ठाण्याचे अमीनसाब दौऱ्यावर आलते, त्यांच्याम्होरं जाऊन उभी ऱ्हायले. ते म्हणले, "ये जनानी बात है, घर को जाव." म्हणलं, घरातलंच तर सांगायले, साब! पाटील खोकून खोकून लाल झाले. पर हटले न्हाई मी. आता आमच्या वस्तीचा नेम हाय — गाठी सोडा, केस सोडा, पर वाघराला हात लावायचा न्हाई आन् एक बाई हात धरून आत बसायची, ती उठायची न्हाई. समद्या बाया बसत्यात.

आँ? मी कितींदा बसले? मी... मी सांगते की. सांगणारं बी कुणी पायजेच ना.

अंजनापाशी? हाय की, आत्याबाई हाईत. म्हंजी — आत्याबाईचा जीव पुन्ना त्या शेळीत. रतनबाई? ती गेली वं, औंदाच गेली. तशी आज बाजाराची पाळी माझी न्हवतीच, दिराची व्हती. म्याच गठुडं उचललं. अंजना दाराला धरून उभी व्हती, म्हणली, "आक्का, तुमी बसणार ना?" म्हणलं, हो, घोंगडी इकून येतेच. आसं बघू नका, मावशी. त्या खोपटाच्या दारातून पाऊल आत पडत न्हाई माझं. तोंड लई चालतंय, पाय चालत न्हाईत. नेम म्याच केला, आन् पळाले बी मीच.

उठलात कावून? बसा. तुमी बसा हितं, मीच उठते. हे घोंगडं घ्या, भाव-बीव ऱ्हाऊ द्या — घरी जाऊन दिराला धाडते, तो येईस्तोवर बाकीची संभाळा, न्हाईतर वाटून टाका. कुणाला बी द्या. सरका आता, मावशी. सरका म्हणते ना!